बांध फोडायचं औजार: मॅक्लाउड, तीन पावसाळे वापरल्यावर

दांडा ४८ इंचांचा आणि मी ५ फूट १ इंच. औजार उभं केलं की माझ्या खांद्याला लागतं. मागवताना हे लक्षात आलं नाही, कारण फोटोत औजाराशेजारी माणूस उभा नव्हता. पण दांड्याचं नंतर सांगते.

मॅक्लाउड म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं रुंदीचा जाड पोलादी पत्रा. एका कडेला सहा दणकट दात, दुसऱ्या कडेला फावड्यासारखी सरळ धार, आणि मधोमध काटकोनात बसवलेला लांब दांडा. दात खाली केले की दाताळं, फिरवून धरलं की फावडं, दांडा उभा धरून आपटलं की माती दाबायचा सपाट तळाचा धुम्मस. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नॅशनल फॉरेस्टमधल्या माल्कम मॅक्लाउड नावाच्या रेंजरने १९०५ साली हे वणव्यासाठी बनवलं. पाचोळा ओढून, झुडपं खरवडून उघड्या मातीचा पट्टा काढायचा, म्हणजे जमिनीवरून सरपटत येणारी आग तिथे अडते. मी आग सोडून बाकी सगळ्याला ते वापरलंय.

माझे वडील पाटणकडे भातशेती करतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर-खाली करून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "दाताळं बी हेच आन् फावडं बी हेच? मग एक मोडलं म्हंजे दोन्ही गेली की गं." तेव्हा मी हसले होते. सात महिन्यांनी ते बरोबर ठरले, तेही पुढे येईलच.

आधी हे माझ्या हातात आलं कसं ते सांगते. सिएटलजवळ इसाक्वाला डूथी हिल नावाचं माउंटन बाइक पार्क आहे. किंग काउंटीचं १२० एकर जंगल, २०१० साली उघडलं. तिथल्या वाटा एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्स या संस्थेने आणि तिच्या स्वयंसेवकांनी घाम गाळून उभ्या केल्या. संस्था १९८९ची, तेव्हा नाव बॅककंट्री बायसिकल ट्रेल्स क्लब असं होतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगा सायकल घेऊन जंगलात शिरायचा आणि मी गाडीत हीटर लावून ऑफिसच्या मेल वाचत बसायची. अशाच एका शनिवारी चिखलाने माखलेले एक आजोबा आले, गाडीची काच वाजवली आणि विचारलं, दोन तास हात मोकळे आहेत का? नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ट्रेलरमधून त्यांनी जे औजार काढून दिलं ते मॅक्लाउड.

सायकलची वाट सायकलने कमी आणि पाण्याने जास्त बिघडते, हे पहिल्या दिवशी कळलं. वाट डोंगराच्या अंगाला बाकासारखी कापतात आणि दरीकडे तिला जरासा कल ठेवतात, साधारण ५ टक्के. म्हणजे मीटरभर रुंदीला ५ सेंटीमीटर. वरून आलेलं पाणी वाट आडवी ओलांडतं आणि खाली नेच्यांमध्ये जिरतं. पण चाकं फिरून फिरून मधली माती दबते, कडेला सरकलेली माती आणि पाचोळा दरीच्या बाजूला साठतो, आणि चार बोटं उंचीचा बांध तयार होतो. दिसायला काहीच नाही. मात्र पाण्याला तिथून बाहेर पडता येत नाही, मग ते वाटेवरूनच खाली धावत सुटतं. एका हिवाळ्यात वाटेचा ओहोळ होतो आणि मुळं उघडी पडतात. आमचं निम्मं काम म्हणजे तो बांध फोडणं.

यात मला जे वाटलं ते इथल्या कुणाला समजावून सांगता आलं नाही. आमच्याकडे आषाढात खाचराचा बांध फुटला की घरातलं माणूस रात्री बॅटरी घेऊन धावतं. दुसऱ्याचा बांध फोडला तर भावकीत तीन पिढ्या बोलणं बंद. इथे बांध फोडला की शाबासकी देतात, वर कॉफी पाजतात. सासर कोरेगाव तालुक्यातलं. तिथे २०१६ साली पाणी अडवायच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी माझ्या दिरांनी भर उन्हात श्रमदान केलेलं, समतल चर खणून पाणी डोंगरावरच अडवायला. त्यांना इथले फोटो पाठवले. उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही पाणी घालवताय?" मी लिहिलं, घालवत नाही, वाटेवरून उठवून शेजारी बसवतेय. पटलं की नाही माहीत नाही, नुसता अंगठा आला.

पण तिकडे चर मारणाऱ्याला आणि इकडे वाट राखणाऱ्याला लागते ती नजर एकच, उताराची. ती मला शेतात पाण्याची दारं धरताना मिळाली होती, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता औजार काम कसं करतं ते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. इथले मोठ्या पानांचे मॅपल तेव्हा रिकामे होतात, आणि पान म्हणजे जेवण वाढता येईल एवढं असतं. अशा शंभर पानांनी एका वळणावर पाणी बाहेर जायची जागा बुजवली होती आणि वाटेवर पंधरा फुटी डबकं. आधी दात रुतवून ओढलं. पानांचा काळा लगदा चटईसारखा एकसंध निघाला. तो दरीकडे लांब फेकला, कारण कडेला ठेवला तर पुढच्या पावसात पुन्हा तिथेच येणार. मग औजार फिरवलं आणि धारेने बांध खरवडला, एका दमात नाही, बोटभर बोटभर. कोऱ्या चहासारखं पाणी आधी जागचं हललं नाही. मग त्यावरचं एक पान सावकाश वळलं. मग सगळं डबकं त्या पानामागून निघालं. पाणी गेल्यावर तळ दाबला, उतार हाताने चाचपला, आणि पुढच्या वळणावर गेले. त्या अर्ध्या तासात हातातलं औजार बदलावं लागलं नाही. मॅक्लाउडची सगळी किंमत एवढ्यातच आहे.

पहिलं मी स्वस्तात घेतलं, दुकानाचं नाव घेत नाही. त्याचं डोकं बोल्टने बसवलेलं, आणि नट तळाच्या बाजूला बाहेर आलेला. माती दाबली की प्रत्येक ठोक्याला त्या नटाचा खळगा उमटायचा. मीटरभर वाट दाबली की कुणी रुपयाची नाणी पेरून गेल्यासारखं दिसायचं. सातव्या महिन्यात एका दगडावर धार आपटली आणि दांडा बसतो त्या नळीचा जोड तडकला. दाताळं, फावडं, धुम्मस, तिन्ही एका ठोक्यात गेली. वडिलांना आठवडाभर सांगितलंच नाही. दुकानाने फोटो मागवले, पाठवले, मग आणखी फोटो मागवले, आणि मग मीच सोडून दिलं. दुसरं घेतलं ते वणव्याचं साहित्य विकणाऱ्यांकडून. नळी पक्की जोडलेली, तळ साफ सपाट. घेताना आधी औजार उलटं करून तळ बघा. डोकं निघणारं असेल तर गाडीत मावतं हे खरं, पण तळाला काही बाहेर येत असेल तर ते माती दाबायच्या कामाचं नाही.

दोष या दुसऱ्यातही आहेत. ओल्या चिकणमातीत दातांच्या मधल्या फटी भरतात आणि दर चार ओढींनी काठीने खरवडावं लागतं. वजन सगळं पुढच्या टोकाला, त्यामुळे दोन तासांनी उजवं मनगट बोलायला लागतं. आणि खणायला ते अगदीच निकामी. नवीन माणूस मात्र ट्रेलरमधून नेमकं हेच उचलतो, कारण बागेतल्या दाताळ्यासारखं ओळखीचं वाटतं, आणि मग मुळांवर घाव घालत बसतो. मुळांना पुलास्की घ्यावी. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवी कुदळ. तिचं नाव एड पुलास्कीवरून पडलं. १९१० साली आयडाहोतल्या मोठ्या वणव्यात त्याने आपली माणसं खाणीच्या बोगद्यात नेली आणि बहुतेक सगळी वाचवली. नवी वाट खणायची असेल तर माझ्या गाडीत 'रोग' कंपनीचं खोरं असतं. औजाराला असलं नाव आपल्याकडे कुणी ठेवलं नसतं, पण ते शेतातल्या जुन्या डिस्कच्या पोलादापासून बनवतात, आणि वडिलांनी पूर्ण मार्क दिलेलं हे एकमेव अमेरिकन औजार.

एक गोष्ट मॅक्लाउडवाल्यांना कुणीतरी सांगायलाच हवी. नवी वाट कापताना वरचा काळा, मऊ, सुंदर वासाचा थर पूर्ण ओढून काढायचा. इथे तो कधी कधी कोपरभर खोल असतो. हात थांबतो, कारण आपल्या लेखी काळी माती म्हणजे सोनं. पण तो थर सगळा कुजता पाचोळा. पाणी धरून ठेवतो आणि चाकाखाली त्याची खीर होते. खालची तांबूस, करकरीत, दाणेदार माती लागली की थांबायचं. पहिल्या वर्षी मी तो काळा थर 'बरा दिसतोय' म्हणून राहू दिला होता. ती दहा फूट वाट मार्चमध्ये पुन्हा करावी लागली, मलाच.

सुरक्षेचं थोडक्यात. औजार खांद्यावर टाकून चालायचं नाही, हातात आडवं धरायचं, उताराच्या बाजूला, म्हणजे पाय घसरला तर ते फेकून देता येतं. जमिनीवर ठेवताना दात खाली. एकदा मी दात वर ठेवून सँडविच खायला बसले. त्याच आजोबांनी येता येता ते बुटाने उलटं केलं आणि एक शब्द न बोलता पुढे गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

देखभाल फार नाही. धारेला महिन्यातून एकदा चपटी कानस, दातांना काही नाही. दांडा हिकरीच्या लाकडाचा आहे. त्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळते. वास ओळखीचा येतो म्हणून फसू नका, डब्यातलं तेल लवकर सुकावं म्हणून त्यात भलतंसलतं घातलेलं असतं, चटणीशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. आणि तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. मी तारेवर पसरून वाळवते. वणव्याच्या औजारापायी गॅरेज पेटलं असतं तर गावाला सांगायला तोंड राहिलं नसतं.

किंमत मला कर धरून शंभर डॉलरच्या आत पडली. घ्यावं का? पहिलं वर्ष घेऊ नये. श्रमदानाच्या दिवशी औजार, हेल्मेट सगळं तिथेच मिळतं, आणि तुमचा हात दाताळ्याचा आहे की कुदळीचा हे कळायला एक पावसाळा जावा लागतो. टायगर माउंटनसारख्या राज्याच्या जमिनीवर अशा अधिकृत कामाचे २४ तास भरले की वर्षाचा डिस्कव्हर पास फुकट मिळतो, तेवढी गाडी लावायची सोय झाली. स्वतःचं घ्यावं ते दोन श्रमदानांच्या मधल्या दिवसांसाठी. माझ्या वाट्याला एक तुकडा नेमून दिलाय, साधारण पाव मैल. मंगळवारी जोराचा पाऊस झाला की बुधवारी सकाळी ऑफिसआधी तिथे जाऊन पाणी कुठे थांबलंय ते बघून येते. पाऊस पडत असताना गेलं तर आणखी बरं, पाणी स्वतः दाखवतं. पोराला याची लाज वाटायची. आता त्याचे मित्र विचारतात, अमुक वळण कोरडं झालं का, आणि तो मला मेसेज करतो.

दांड्याचं राहिलं. दुसऱ्या हिवाळ्यात पाठीने जबाब दिला तेव्हा वडिलांना विचारलं. त्यांनी मला फोनसमोर औजार धरून उभं केलं, वाकायला लावलं, पुन्हा उभं केलं, आणि म्हणाले, "चार बोटं काप. नको, चार इंच काप." करवतीने कापला, टोक कानसून गोल केलं, तेल लावलं. पाठदुखी थांबली. चार इंचांचा तुकडा टाकवला नाही. सध्या तो पोराच्या सायकलच्या स्टँडखाली आहे, आमच्या गॅरेजची फरशी एका बाजूला कललेली आहे म्हणून.