चार दिवसांत लाली घालवणारी डबी

माझा चेहरा आधीपासूनच तापायचा. गरम चहा घेतला, चुलीपुढे बसले किंवा दुपारी वावरातून आले की दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा फुलून यायचा. पूर्वी तासाभरात उतरायचं. पस्तिशी उलटल्यावर उतरेनासं झालं आणि गालांवर बारीक पुळ्या दिसू लागल्या. मी सावळी आहे, म्हणून ती लाली लालभडक न दिसता तांबूस-काळपट दिसायची. आग मात्र व्हायची. सगळे म्हणायचे, ऊन लागलं. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे मलाही ते पटायचं.

गेल्या वर्षी तुरी घरात आल्या त्या सुमारास आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक बाई आली. गटातल्याच एकीच्या ओळखीची होती. बोलणं गोड. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्या रक्तात उष्णता हाये. काऊन अंगावर काढून राह्यल्या? चार दिवस लावून पाहा, फरक नाही पडला तर पैसे वापस."

डबीचे ४५० रुपये. पांढरी प्लॅस्टिकची डबी, झाकणावर हिरवं पान आणि 'शुद्ध आयुर्वेदिक' असं छापलेला रंगीत झेरॉक्सचा कागद चिकटवलेला. कोणी बनवली, कुठं बनवली, आत काय आहे, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची, यातलं एक अक्षर नव्हतं. याचं मला आजही फार वाईट वाटतं. बोगस बियाण्यानं पोळलेली आम्ही माणसं. कृषी केंद्रातून सोयाबीनची बॅग घेताना मी स्वतः लॉट नंबर बघते, पक्कं बिल घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही. आणि रोज तोंडाला चोळायच्या वस्तूवर साधं नाव नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

चौथ्या दिवशी चेहरा खरंच स्वच्छ झाला. पुळ्या बसल्या, लाली गेली. जाऊबाईंनी विचारलं, काय लावता? पुतणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, तिलाही गालांवर पुरळ यायचं. उरलेली अर्धी डबी मी माझ्या हातानं तिला दिली. पुढच्या दोन डब्या प्रत्येकी ६५० च्या झाल्या आणि सोबत ९०० रुपयांचा 'रक्तशुद्धीचा' काढा गळ्यात मारला. माझे एकटीचे २,६५० रुपये गेले. पुतणी त्या बाईकडून वेगळी डबी घेत होती, ते मला नंतर कळलं.

पावसाळा लागला, बाई यायची थांबली आणि डबी संपली. तिसऱ्या दिवशी निंदणाला गेले, तर घामाचा थेंब गालावरून ओघळला की मिरचीचा हात लागल्यासारखी आग व्हायची. दुपट्ट्याचं टोक घासलं तरी सहन होईना. आठवडाभरात हनुवटीपर्यंत पुवाच्या पुळ्या आल्या. नाकाच्या बाजूला बारीक लाल शिरा उठल्या, जणू कुणी तांबडा दोरा कातडीखालून ओवला. कानाजवळ लव वाढली होती. बाईला फोन लावला तर म्हणे, "आतली घाण बाहेर निघून राह्यली ताई, डबी बंद करू नका." दुसऱ्या दिवशी एका पोराच्या हातून डबी आली. लावली आणि रात्रीतून आग शांत झाली. तेव्हा मला वाटलं, बाई खरं बोलली.

नंतर पुतणीचा सासरहून फोन आला. डबी संपल्यावर तिचाही चेहरा उतला होता आणि सासू म्हणत होती, पोरीला आधीचाच रोग होता, लपवून लग्न केलं. फोनवर ती नुसती रडत होती, "काकू, मी आता काय करू?" दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी सेवाग्रामचा दवाखाना गाठला.

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी डबी हातात घेतली, उलटी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती दिवसांत फरक पडला होता?" मी म्हटलं, चार. त्यांनी सांगितलं की इतक्या झटपट लाली घालवणाऱ्या अशा बिननावाच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून लाली दिसत नाही. रोग आहे तिथंच राहतो आणि कातडी पातळ होत जाते. क्रीम थांबली की त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुलतात. मग माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो, आणि विकणाऱ्याचं गिऱ्हाईक पक्कं होतं.

माझ्या मूळ दुखण्याला रोझेशिया म्हणतात, हे तिथं कळलं. ते रक्तातल्या घाणीनं होत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतं. ऊन, चुलीची धग, वाफाळता चहा, झणझणीत तिखट आणि मनाचा ताण यांनी भडकतं. कुणाला कशानं, हे ज्यानं त्यानं बघायचं. मॅडमनी सांधे दुखतात का, तोंडात छाले येतात का, डोळ्यांत खडा गेल्यासारखं होतं का, हेही विचारलं. गालावरची प्रत्येक लाली रोझेशियाची नसते. ल्युपससारख्या मोठ्या आजारातही गाल लाल होतात, म्हणून आधी डॉक्टरला दाखवायचं. पुतणीची तर साधी मुरमं होती. डबीनं तिचं काम वाढवलं.

मला मेट्रोनिडाझोलचं जेल आणि काही आठवडे गोळ्या दिल्या. तोंड कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं, खसाखसा पुसायचं नाही. बिनवासाचं मॉइश्चरायझर, त्यावर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, आणि वावरात जाताना डोक्याला मोठ्या काठाची टोपी. लिंबू, हळद, टूथपेस्ट, सगळं बंद. चहा मी आता निववून पिते. पहिला दीड महिना फार कठीण गेला. रात्री थंड पाण्याच्या घड्या ठेवून बसायची. पण आग हळूहळू कमी झाली. शिरा अजून आहेत.

मेडिकलमधूनही कुणी सांगितलेली ट्यूब परस्पर आणू नका. कातडीला लावायची स्टिरॉइडंही २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आणि सगळ्याच डब्यांत स्टिरॉइड असतं असंही नाही. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा निघतो. आपल्याच अकोल्यात एका घरातल्या मायलेकींच्या किडन्यांवर अशा क्रीमचा परिणाम झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला ते पेपरात आलं. आमच्या डबीत नेमकं काय होतं ते तपासून घ्यावं म्हणून मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला आहे. ज्यांच्याकडे अशी डबी असेल त्यांनी ती फेकू नये, झाकणासकट ठेवावी. आणि खूप दिवस लावली असेल तर घाबरून एकदम बंद करण्याआधी डॉक्टरला दाखवावं, म्हणजे नंतरची आग सांभाळायला कुणीतरी सोबत असतं.

पुतणीच्या सासूला मी दवाखान्याचा कागद घेऊन स्वतः भेटले. सुनेला माझ्यामुळे झालं, तिच्यात खोट नव्हती, हे त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं.

बाईचा फोन आता बंद येतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एकीनं मोबाइलवर फोटो पाठवला, "ही चांगली हाये का ताई?" झाकणावर तेच हिरवं पान. डबी वेगळ्या नावानं, किंमत ८०० रुपये. मी त्याच मिनिटाला तिला फोन लावला. तिनं पोरीसाठी घेतली होती, अजून उघडली नव्हती.