जवानांच्या शिस्तभंग प्रकरणांसाठी कायदेशीर सल्ला : पुण्यातील एका कार्यालयाविषयी

पुण्याच्या कॅम्प भागात लष्कराच्या विधी विभागातून निवृत्त झालेले एक अधिकारी हे छोटे कार्यालय चालवतात. ज्या जवानावर वरिष्ठांकडून अन्यायाने शिस्तभंगाची कारवाई होत आहे, त्याच्या कुटुंबीयांनी येथे एकदा तरी कागदपत्रे दाखवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र काही त्रुटीही आहेत, त्या पुढे नोंदवल्या आहेत.

माझा धाकटा भाऊ पायदळात नाईक आहे. एका वरिष्ठांच्या घरची खासगी कामे करण्यास त्याने नकार दिल्यानंतर किरकोळ कारणांवरून त्याला लागोपाठ शिक्षा होत गेल्या, सेवानोंदीत चौथी लाल शाईची नोंद (म्हणजे मोठ्या शिक्षेची नोंद) पडली आणि 'सेवामुक्त का करू नये' अशी कारणे दाखवा नोटीस त्याच्या हाती आली. पेन्शनला पात्र होण्याआधीच नोकरी गेली, तर त्या घराचे काय होते, हे सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

सल्लागारांनी फीचा विषय काढण्यापूर्वी सर्व कागद वाचले आणि काय होणार नाही, ते आधी सांगितले. नाकारलेली सुट्टी आणि बदली हे विषय सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या (सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या न्यायसंस्थेच्या) कक्षेत येत नाहीत, म्हणून त्याविषयीचा आमचा लांबलचक मजकूर त्यांनी काढून टाकला. आर्मी अॅक्ट, 1950 च्या कलम 80 नुसार कमांडिंग ऑफिसरला कोर्ट मार्शलशिवाय 28 दिवसांपर्यंत लष्करी कोठडीची शिक्षा देता येते. परंतु आर्मी रूल्स, 1954 मधील नियम 22 प्रमाणे आरोपाची सुनावणी जवानासमोर व्हावी लागते आणि त्याला विरोधी साक्षीदारांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. भावाला कमांडिंग ऑफिसरसमोर 'मार्च अप' केले, म्हणजे सुनावणीसाठी उभे केले, तेव्हा एका प्रकरणात साक्षीदारच बोलावले नव्हते. नोटिशीच्या उत्तराचा पहिला आधार हाच झाला.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणातील 2015 च्या निकालाचा होता. चार लाल नोंदी झाल्या म्हणजे सेवामुक्ती आपोआप होते, हा बराकीतला समज त्या निकालाने खोडून काढला आहे. लष्कर मुख्यालयाच्या 1988 च्या धोरणाप्रमाणे आधी चौकशी झाली पाहिजे, आणि जवानाची एकूण सेवा, खडतर ठिकाणच्या नेमणुका व नोंदींचे स्वरूप यांचा विचार झाला पाहिजे.

कार्यालयाची खरी कसोटी मात्र आमच्या घाईला आवर घालण्यात लागली. गावातील मंडळी खासदारांकडे अर्ज देण्यास निघाली होती. सल्लागारांनी रणजित ठाकूर यांचे प्रकरण समजावून सांगितले: या सिग्नलमनने (लष्कराच्या संदेशवहन विभागातील जवानाने) ठरलेला मार्ग सोडून थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे निवेदन पाठवले, म्हणून त्याला 28 दिवसांची शिक्षा झाली आणि ती भोगत असताना जेवण नाकारल्याच्या आरोपावरून त्याला एक वर्षाचा कारावास व बडतर्फी सुनावण्यात आली. ज्यांच्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तेच अधिकारी न्याय देण्यास बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ती शिक्षा रद्द केली खरी, परंतु दरम्यानची वर्षे त्या माणसाने कशी काढली असतील, या विचाराने मन सुन्न होते. म्हणून आम्ही आर्मी अॅक्टच्या कलम 26 मधील तक्रारीचीच वाट धरली. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे, त्यांच्याकडेच ती द्यावी लागत असेल, तर याच कलमानुसार जवानाला त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येते, ही गोष्ट भावाला कोणीही सांगितली नव्हती.

उत्तर मुदतीत गेले, नव्याने चौकशी झाली आणि सेवामुक्तीची नोटीस मागे घेण्यात आली. लाल नोंदी अद्याप कायम आहेत. त्यांविरुद्धची तक्रार प्रलंबित आहे. तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर न्यायाधिकरणाचे दार उघडते आणि तेथे जाण्यासाठी पुढे आणखी सहा महिन्यांची मुदत असते, हे वेळापत्रक त्यांनी भावाला लिहून दिले आहे. महाराष्ट्र, गोवा व गुजरातसाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे.

आता त्रुटींविषयी. सर्व मसुदे केवळ इंग्रजीत मिळतात. ज्याच्या नावाने तक्रार जाते, त्या जवानाला तिचा प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे, म्हणून मराठी प्रत देणे हे येथे कर्तव्यच मानले जावे. तोंडी समजावणे चांगले होते, पण ते पुरेसे नाही. फीची पावती मागावी लागली आणि मुंबईत प्रकरण दाखल करावे लागल्यास किती खर्च येईल, याचा लेखी अंदाज मिळाला नाही. सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातील जवानांना हे न्यायाधिकरण लागू नाही, त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते आणि हे कार्यालय ती प्रकरणे घेत नाही. तरीही फोनवर हे न सांगता लोकांना लांबून बोलावले जाते, हे मला अजिबात पटले नाही.

जाताना नोटिशीची प्रत, आरोपपत्र, शिक्षांच्या नोंदी आणि चौकशीची कागदपत्रे मिळाली असल्यास तीही सोबत न्यावीत. नोटिशीच्या उत्तराची तारीख जवळ आली असेल, तर तसे फोनवरच सांगावे. अशांना त्याच दिवशीची वेळ दिली जाते.