पुणे सोडून खानापूरला राहायला आलो, तीन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

मोबाईलचे, हॉटेलचे रिव्ह्यू ढिगानं सापडतात पण पुण्यातलं बिऱ्हाड मोडून गावाकडं जायचं का हे ठरवत होतो तेव्हा मला उपयोगाचं एक पान वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आमच्याकडची निम्मी पोरं पुण्याला नाहीतर गोव्याला आहेत, दर गणपतीला घरी आली की एकच प्रश्न, वहिनी खरं सांगा परत यायचं म्हटलं तर जमतंय काय. तर खरं सांगते. पाचपैकी साडेतीन. दीड कुठं गेला ते पुढं येईलच.

आधी थोडी माहिती. खानापूर म्हणजे कर्नाटकातलं तालुक्याचं गाव, मलप्रभा नदीच्या काठावर, बेळगावपासून 26 किलोमीटर, गोव्याला अनमोड घाटातून जाणारा हायवे इथूनच जातो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडं गेलात की सह्याद्रीचं दाट जंगल आणि सगळं मराठी, पूर्वेला इटगी-पारिश्वाडकडं सपाट शेती आणि कन्नड जास्त, आणि मधे आम्ही, जिथं भाजीवाली एका वाक्यात दोन्ही भाषा बोलते. इथली माती चांगली, त्यामुळं कौलं, विटा, मडकी यांचं गाव म्हणून आधीपासून नाव आहे, कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योगची संस्थापण इथं आहे. माझं माहेर बेळगावात, सासर तालुक्यातलं. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लागले, मी पुण्यातल्याच फर्मचं अकाउंटचं काम घरून करते, मुलगी चौथीत.

इथं राहण्याचा रिव्ह्यू म्हणजे खरं तर त्या 26 किलोमीटरचा रिव्ह्यू आहे. एमआरआय बेळगावला, मोठ्या कॉलेजला बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव, चांगला चष्मा करायचा झाला तरी बेळगाव. दिवसा हे अंतर काहीच वाटत नाही, रस्ता आता रुंद झालाय, गणेबैलचा टोल भरला की पाऊण तासात गोगटे सर्कल. मिस्टर रोज जाऊन येऊन करतात आणि हडपसरहून हिंजवडीला जायला त्यांना जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्मापण लागत नाही. बायकांना तर जून 2023 पासून सरकारी बस फुकट आहे, शक्ती योजना, आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. याचा परिणाम मी डोळ्यानं बघितलाय, आमच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, गुडघे दुखतात म्हणून चार वर्षं फक्त तेल चोळत बसलेल्या, कारण प्रत्येक वेळी जायला यायला पैसे कुणाकडं मागायचे, त्या आता स्वतः बसमध्ये बसून डॉक्टरला दाखवून येतात आणि येताना बेळगावच्या शनिवार खुटातनं नातवाला काहीतरी घेऊन येतात. गर्दी मात्र भयंकर वाढली, सकाळच्या बसला कॉलेजची पोरं दाराला लोंबकळत जातात, हे बघून जीव खाली वर होतो. बस वाढवायला पाहिजेत, योजना बंद करा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

रात्री मात्र तेच अंतर वेगळं होतं. गेल्या वर्षी जुलैत सासूबाई मोरीत घसरून पडल्या, साडेअकरा वाजलेले, बाहेर पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. इथं जवळच्या डॉक्टरांनी बघितलं आणि खुब्याचं हाड असणार, आत्ताच्या आत्ता बेळगावला न्या म्हणाले. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. लाईट नाही. मिस्टर नाईट शिफ्टला. मी समोरच्या काकांचं दार वाजवलं, त्यांची ओम्नी आहे, ते बनियनवरच बाहेर आले, मागची सीट काढून टाकली आणि त्यांच्या दोन पोरांनी सासूबाईंना गादीसकट उचलून आत ठेवलं. वायपर चालत होता तरी समोर काही दिसत नव्हतं, काका खिडकीतनं डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते, आणि सासूबाई प्रत्येक खड्ड्याला माझा हात इतका आवळायच्या की दुसऱ्या दिवशी बांगडीचा वळ उठलेला. पाऊण तासाच्या रस्त्याला दीड तास लागला. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात. काका त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पेपर अंथरून झोपले, पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर रागावले. मुलीला तीन दिवस काकूंनी सांभाळलं, वेणी घालून शाळेत पाठवलं, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी.

म्हणजे बघा, ज्या गोष्टीमुळं मी एक स्टार कापला त्याच रात्रीनं मला इथं ठेवलं पण. पुण्यात सोसायटीत आठ वर्षं राहिलो, शेजारच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव दारावरच्या पाटीमुळं माहीत होतं इतकंच. तरीपण शेजारी चांगले आहेत म्हणून हॉस्पिटल नसलं तरी चालेल असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी हार्टपेशंट आहे, डायलिसिस आहे, त्यांनी बेळगावातच घर घ्या, भाडं जास्त पडलं तरी चालेल. हे मी कुणालापण सांगते.

खर्चाचं पटकन सांगून टाकते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं परडं, साडेपाच हजार भाडं. पुण्यात याच्या तिप्पट द्यायचो आणि परडं नव्हतंच. दूध घरपोच. किराणा पुण्यापेक्षा फार स्वस्त आहे असं काही नाही, तो गैरसमज काढून टाका, तेल डाळीचे भाव सगळीकडं तेच. स्वस्त आणि चांगलं मिळतं ते रानातलं. मार्च-एप्रिलमध्ये जांबोटी बाजूच्या बायका ओले काजूगर घेऊन येतात, सोलून सोलून त्यांची बोटं काळी पडलेली असतात, त्या चिकाने कातडं जातं. तरी मोजताना शंभरावर चार-पाच जादा टाकणारच. मग करवंदं, जांभळं, फणस, आणि पहिल्या पावसानंतर अळंबी. अळंबी कधी येईल सांगता येत नाही, सकाळी सातला बाजाराच्या तोंडाशी एखादी बाई पानात बांधून बसलेली असते आणि साडेसातला संपलेलं असतं. काजूगराची उसळ आणि गरम भात, एवढ्यासाठी माझी पुण्याची जाऊ सुट्टी काढून येते.

आता पाऊस. हे नीट वाचा कारण बाहेरून येणारा माणूस इथंच फसतो. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, तो सगळा पट्टा म्हणजे धो धो पावसाचा, आणि खानापुरात त्याच्यापेक्षा कमी असला तरी जून ते सप्टेंबर सूर्य विसरायचा. हब्बनहट्टीच्या देवळातला मारुती नदीत बुडाला की पेपरात फोटो येतो, तो आला की समजायचं आता आठवडाभर कपडे वाळत नाहीत. आमच्याकडं अजून शेगडीत निखारे घालून वर डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथं ठेवतात आणि त्याच्यावर कपडे पसरतात, मुलीचा युनिफॉर्म मी असाच वाळवते, वर्गात सगळ्या पोरांच्या कपड्याला धुराचा वास असतो. चपलांना बुरशी, पापडाला बुरशी, कपाटातल्या लग्नाच्या शालूला बुरशी. लाईट जाते ती कधी दोन तास कधी दोन दिवस, झाड पडलं की संपलं. घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर घेतल्याशिवाय इथं यायचा विचारपण करू नका, मी पहिल्या महिन्यात मार्चएंडच्या राहिलेल्या रिटर्नचं काम स्टेशनच्या बाकावर बसून केलंय. इंटरनेट फायबर आलंय, ते पुण्याइतकंच चांगलं चालतं, लाईट असेल तर. ऑगस्ट 2019 चा पूर आम्ही नव्हतो तेव्हा, पण नदीकडच्या गल्लीत लोक अजून भिंतीवर हात लावून दाखवतात, पाणी हितपर्यंत होतं म्हणून.

आणि एवढं पाणी पडून एप्रिल-मेमध्ये आमच्या नळाला दिवसाआड पाणी. इथलंच पाणी पुढं सौंदत्तीच्या नवीलतीर्थ धरणात जातं, हुबळी-धारवाडला प्यायला जातं, त्यांनी प्यावं, पण नदीकाठच्या माणसानं घागर घेऊन बोअरवर रांगेत उभं राहावं हे मला अजून पचत नाही. अर्धा स्टार त्याचा.

भाषेबद्दल लिहायलाच पाहिजे. 1956 ला हा भाग कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य) गेला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाची केस आहे, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. रोजच्या जगण्यात ते कसं येतं ते सांगते. गल्लीत, बाजारात, बसमध्ये भाषेवरून कधी कुणी मला वाकडं बोललं नाही, कन्नड बोलणारी शेजारीण दिवाळीला फराळ आणून देते आणि तिचं गोडा मसाल्याचं सामान मी पुण्याहून मागवते. त्रास होतो तो कागदाचा. भाड्याच्या जागी नाव बदलायचं होतं, एका ऑफिसात गेले, फॉर्म फक्त कन्नडमध्ये, मराठीत अर्ज लिहून नेलेला तो न वाचताच परत दिला, बाहेर बसलेल्या माणसाला शंभर रुपये देऊन लिहून घ्या म्हणाले. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं नोटीस, नियम त्यांच्या भाषेतपण मिळायला हवेत, हे 1956 च्या केंद्राच्या मेमोरँडममध्ये आहे, आणि खानापूर तालुक्यात मराठी किती आहे हे कुठल्यापण गल्लीत उभं राहून ऐकलं तरी कळतंय. मला राग आला होता, डोळ्यात पाणी आलं होतं, घरी आले तर मुलीनं तो फॉर्म हातात घेतला आणि अक्षर अक्षर लावत वाचून दाखवला. सरकारी मराठी शाळेत आहे ती, कन्नड विषय शिकवतात. आई इथं नाव लिही, इथं अप्पांचं नाव. तेव्हापासून लाईटबिल तीच वाचते आणि मीपण तिच्याकडून शिकतेय, क ख ग पर्यंत आलेय. कन्नड शिकायला माझी काहीच ना नाही, माझ्या भाषेतला कागद मिळाला पाहिजे एवढंच म्हणणं.

त्या मराठी शाळेची मात्र काळजी वाटते. मास्तर मन लावून शिकवतात, वर्गात पोरं सतरा. ज्यांना परवडतं ते इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात. एक नोव्हेंबरला, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत पुढं असणाऱ्या घरातली पोरंपण त्याच बसमध्ये आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर बोललेय म्हणून इथंपण लिहिते.

फिरायला काय आहे विचारतात. असोगा जवळ आहे, नदीकाठी रामलिंगाचं देऊळ, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं. हलशीला कदंबांच्या वेळची देवळं, भूवराह नरसिंहाची मूर्ती बघून माझे मिस्टर, जे कधी देवळात पाच मिनिटं थांबत नाहीत, ते तासभर उभे होते. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 मध्ये फाशी दिली तिथला वड, लोक नवस बोलून पाळणे बांधतात. एवढं सोडलं तर थिएटर नाही, मॉल नाही, तरुण पोरांना संध्याकाळी करायला काही नाही, बायटू चहा (एक चहा दोघांत) आणि मोबाईल. पंचवीसच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलीला मी इथं राहा म्हणणार नाही. कुठं चाललीस, कुणाबरोबर दिसलीस, याची पोच तिच्या आधी घरी जाते. माझ्या वयाला तेच विचारणं मायेचं वाटतं, तिला फास वाटणार, आणि तिचं बरोबर आहे.

एक शेवटचं. सासूबाईंच्या वेळी त्याच वॉर्डात भीमगड जंगलातल्या एका गावची बाई होती. त्या बाजूला आमगाव, गवाळी, कोंगळा अशी गावं आहेत, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की पेशंटला काठ्यांना बांधून चार जण खांद्यावर घेऊन चिखलातनं डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. तिलापण तसंच आणलेलं. तिचा नवरा मला विचारत होता, तुम्ही खानापुरात राहताय म्हणजे बरं आहे की, मुलीच्या शाळेसाठी तिथं एखादी खोली मिळेल काय. मी माझं 26 किलोमीटरचं रडगाणं सांगणार होते, ते गिळलं. खोली बघून दिली, आमच्याच मागच्या गल्लीत.

कुणी यायचं ठरवत असाल तर घर बघायला मे महिन्यात येऊ नका, मे मध्ये सगळी घरं चांगली दिसतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, बसनं या. घरमालकाला सांगून आतल्या खोलीच्या भिंतीला तळवा लावून बघा, कौलाखाली कुठं पातेलं ठेवलंय का बघा, आणि समोरच्या घरात कुणाकडं चारचाकी आहे ते विचारून घ्या.