९ एमएमची क्रिंप डाय, आठ महिने वापरल्यानंतर

पिस्तुलाचे राऊंड, म्हणजे काडतुसं, मी घरीच भरतो: पितळी केसमध्ये (पुंगळीत) प्रायमर, पावडर आणि बुलेट घालून. ही डाय गेले आठ महिने वापरतोय, तीनेक हजार राऊंड नक्की झाले असतील, सगळे ९ एमएम लुगर, सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच डाय लागणारा), टेक्सासमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये. डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा, आणि ही वेगळी टेपर क्रिंप डाय, बुलेट बसवल्यावर केसचं तोंड दाबणारी, खाली कार्बाइडची रिंग आणि वर फिरवायचा नॉब. डाय चांगली आहे, पुन्हा घ्यायची झाली तरी हीच घेईन, पण सेटिंग नीट समजेपर्यंत मी जी चूक केली ती इथे सविस्तर लिहितोय कारण ती चूक धोक्याची आहे.

क्रिंप म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं काय येतं, तर आवळणं. बुलेट घट्ट बसावी म्हणून केसचं तोंड आवळायचं. ९ एमएममध्ये तसं नाहीये. बुलेट धरून ठेवते ती केसची भिंत, सायझिंग डायने केस आधीच बारीक केलेली असते आणि बुलेट आत जाताना ती किंचित ताणली जाते, त्या ताणाने पकड येते. बुलेट बसवायला सोपं जावं म्हणून आपण तोंड जे थोडं फुलवतो, ते परत सरळ करणं एवढंच क्रिंप डायचं काम. शिवाय ९ एमएमची केस चेंबरमध्ये (बॅरलमधल्या राऊंड बसायच्या जागेत) टेकते तीच मुळी तोंडाच्या कडेवर, त्यामुळे कड आत वळवून चालतच नाही.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण हात ऐकत नाही ना. पहिल्या महिन्यात नॉब अख्खी एक फेरी खाली घेतला, वाटलं जरा घट्ट असलेलं बरं. रेंजवर एकदा चेंबरमधला राऊंड काढून परत मॅगझिनमध्ये भरला, परत लोड केला, परत काढला, आणि शेजारच्या राऊंडजवळ धरला तर तो चक्क बुटका दिसला. घरी येऊन कॅलिपर लावला, मी बनवला होता १.१५० इंचाचा, आता १.१२१. म्हणजे बुलेट आत ढकलली गेलेली. आतली जागा कमी झाली की प्रेशर वाढतं, आणि पिस्तूल आपल्या हातात असतं, त्यामुळे तो सगळा लॉट, दोनशे राऊंड, मी बाजूला काढला आणि हातोडीवाल्या पुलरने एकेक करून उघडला.

त्यातली एक बुलेट अजून ठेवलीय. तांब्याचा पातळ थर असलेली शिशाची बुलेट, आणि तिच्या कमरेला गोल खाच, नख फिरवलं की अडकतं, एका जागी तर थर कापून आतलं करडं शिसं दिसतंय. तेव्हा कळलं की जास्त आवळल्याने पकड उलट सुटते. पितळ दाबून सोडलं की जरासं परत फुलतं, शिसं फुलत नाही, दबलं ते दबलंच, मग दोघांमध्ये फट राहते. त्या लॉटच्या केसच्या तोंडाचं बाहेरून माप ०.३७३ इंच आलं होतं.

मग नेमकं किती हवं? हिशोब सोपा आहे. बुलेट ०.३५५ इंच, केसची भिंत साधारण ०.०११, दोन्ही बाजूंची मिळून ०.०२२, बेरीज ०.३७७. बुलेट ०.३५६ ची असेल तर ०.३७८. स्टँडर्डप्रमाणे तोंडाशी जास्तीत जास्त ०.३८० चालतं. मी ०.३७७ ते ०.३७८ च्या मध्ये ठेवतो आणि तेव्हापासून एकही राऊंड बुटका झालेला नाही.

सेट करताना आधी नॉब पूर्ण सैल, रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) वर, डाय शेल होल्डरला (रॅमवरच्या केस धरणाऱ्या खोबणीला) टेकेपर्यंत खाली आणून लॉक. मग बुलेट बसवलेली पण पावडर आणि प्रायमर नसलेली डमी घालून रॅम वर न्यायचा आणि नॉब हळूहळू फिरवायचा, तोंडाला लागल्याचं बोटांना समजतं. तिथून पुढे एक अष्टमांश फेरी, माप घ्यायचं, परत तेवढीच, परत माप. घाई केली की पुढे जातोच. शेवटी पिस्तुलाची बॅरल काढून त्यात डमी सोडायची, टक्क असा आवाज करत स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजे, बोटाने गोल फिरली पाहिजे आणि बॅरल उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडली पाहिजे. अडकली तर अजून फुलवटा शिल्लक आहे किंवा बुलेट लांब बसलीय.

रेंजवरून गोळा केलेलं मिक्स पितळ असेल तर केसची लांबी कमीजास्त असते (कमाल ०.७५४ इंच), लांब केसला क्रिंप जास्त बसतो, आखूडला कमी. मी दहाबारा केसेस मोजून मधल्या लांबीच्या केसवर सेट करतो आणि मग सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड दोन्ही बॅरलमध्ये टाकून बघतो.

कार्बाइड रिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. फुगीर राऊंड ती सरळ करते, चेंबरिंगचा त्रास गेला हे खरं, पण नुसत्या शिशाच्या जाड बुलेटला ती केसच्या आतच दाबते. म्हणून ओतीव बुलेटला मी साधी, रिंग नसलेली टेपर डाय वापरतो. दुसरी तक्रार रबराच्या रिंगवाल्या लॉक नटची, डाय काढून घातली की सेटिंग हलतं. स्क्रूने आवळायची लॉक रिंग वेगळी घेतली, प्रश्न मिटला.

बायकोच्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरला हे काही लावू नका हां. तिथे केस रिमवर टेकते, आणि रोल क्रिंप बुलेटच्या खाचेत व्यवस्थित वळवावाच लागतो, नाहीतर झटक्याने बाकीच्या चेंबरमधल्या बुलेट पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबू शकतं.

२०२४ ला स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं नेमबाजीचं ब्राँझ बघून कोल्हापूरच्या मामांनी विचारलं होतं, तो पण गोळ्या घरी भरतो का. नाही, त्याच्या रायफलची गोळी .२२ रिमफायर, प्रायमरचा मसाला रिममध्येच असतो, ती परत भरायची नसते.

सध्या डायच्या डब्बीत एक डमी ठेवलीय, मार्करने त्यावर ०.३७८ लिहिलंय. डाय परत लावताना तीच घालतो, नॉब तिला टेकेपर्यंत आणतो आणि पहिल्या पाच राऊंडचं माप घेतल्याशिवाय पुढचा भरत नाही.