समर पेस्टल्स यारो: बी उत्तम, पण पाकिटावरचा शब्द लंडनचा

यारो हे शेवंतीच्या कुळातलं फुलझाड. बियांपासून तो लावायचा असेल तर 'समर पेस्टल्स' हे सहज मिळणारं, अनेक रंगांच्या बियांचं मिश्रण. १९९० साली त्याला 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स' या नव्या वाणांची पारख करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा मान मिळाला. ते पेरल्याच वर्षी फुलतं, आणि पाकिटावरचा शब्दही हाच: 'पहिल्याच वर्षी फूल'. उंची साधारण ६० सेंमी, पानं बडीशेपेसारखी चिरलेली, फुलोरा ओव्यासारखा पण अधिक दाट आणि चपटा. रंग गुलाबी, फिकट जांभळे, सामन (नारिंगी छटेचा गुलाबी), क्रीम. हे एफ-२, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीचं मिश्रण असल्यामुळे काही झाडं नुसतीच मळकट पांढरी निघतात. एकच ठरावीक रंग हवा असेल तर बी घेऊच नका. 'पाप्रिका'सारख्या जातीचं मुळासकट विभागलेलं रोप घ्या. बियांतून या जाती जशाच्या तशा उतरत नाहीत.

एका चौरस मीटरला ३५ सेंमी अंतराने ९ रोपं पुरतात, त्यामुळे ५० बियांचं पाकीटही खूप झालं. बी जिऱ्याहून कितीतरी बारीक. कोरड्या वाळूत मिसळून ट्रेमधल्या ओल्या मातीवर भुरभुरायचं, फळीने दाबायचं आणि वर माती घालायची नाही. ते उजेडात रुजतं आणि 'उगवलंच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा वर घातलेला मातीचा थरच असतो. पाणी फवाऱ्याने. १८ ते २२ अंशांत १० ते १५ दिवसांत कोंब दिसतात. दिसले की ट्रेवरचं झाकण त्याच दिवशी काढा, नाहीतर दमट हवेत रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. चार खरी पानं आली की वेगवेगळ्या कुंड्यांत हलवायची.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरून गोठवणारी थंडी संपल्यावर बाहेर लावलं, तर जुलै-ऑगस्टमध्ये फूल येतं. इथवर पाकीट शब्दाला जागतं.

पुढे बिघडतं ते लाडाने. शेणखत, युरिया, रोजचं पाणी मिळालं की दांडे लुसलुशीत वाढतात आणि पहिल्या जोराच्या पावसात आडवे होतात. हलकी, पाण्याचा झटकन निचरा होणारी माती आणि किमान ६ तास ऊन, खत शून्य. सावलीत आणि दाटीत पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. झाड पडायचीच सवय असेल तर मेअखेर निम्मं छाटा: फूल थोडं उशिरा येईल, पण आधार लागणार नाही. पहिला बहर ओसरला की बाजूच्या कळीपर्यंत कापायचं, म्हणजे दुसरा बहर येतो आणि बी सांडून वाफाभर रोपंही होत नाहीत. दोन-तीन वर्षांनी गड्डा मधोमध मरतो; तेव्हा उपटून कडेचे जोमदार तुकडे लावा, मधला भाग टाका. जमिनीखालची खोडं सरपटत शेजारच्या वाफ्यात घुसतात, म्हणून काढलेले तुकडे कंपोस्टच्या ढिगात नकोत.

सुकवण्यासाठी फूल पूर्ण उमलल्यावर, दांडा हलवून पाहून तोडा. मान डुलत असेल तर अजून कच्चं आहे, उलटं टांगलं तरी कोमेजेल. शेवंतीच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. कुत्र्या-मांजरांच्या पोटात हे झाड जाऊ देऊ नये.

आता महाराष्ट्रातल्या गच्चीचं. 'पहिल्याच वर्षी फूल' हा शब्द इथे पाळला जाईलच असं नाही. यारो दिवस मोठा झाला की फुलणारं झाड आहे. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांवर जातो, पुण्याचा सव्वातेराच्या आसपास थांबतो. आणि तो मोठा होईपर्यंत आधी उन्हाळा, मग पाऊस दारात. ऑक्टोबरात पेरा, कुंडीत निम्मी जाड वाळू घाला, पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवा, तर हिरवा सुवासिक गुच्छ मिळेल. फूल आलंच तर बोनस समजा. कोकणात त्या दमट हवेत तेवढीही आशा नको.

परदेशातल्या थंड हवेच्या अंगणासाठी ५ पैकी ४, एक गुण मळकट पांढऱ्या झाडांनी घालवला. पुणे-नाशिकसाठी २. मावा खाणाऱ्या मित्रकिडींना बोलवायला म्हणून यारो हवा असेल, तर इथे स्वयंपाकघरातलीच मूठभर बडीशेप किंवा धणे पेरून फुलू द्यावेत. ते काम ती दोन्ही चोख करतात.