क्रोम पॉलिश पेस्ट, बरेच महिने वापरल्यावर: पेस्टला चार स्टार, झाकणाला शून्य

पेस्ट चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. रिव्ह्यू लिहायला बसलोय ते डबीच्या झाकणामुळे. गंज काढायच्या पॉलिशच्या डबीचं झाकणच गंजलंय! आतल्या कडेला, जिथे ते घट्ट बसायला पाहिजे, तिथे सगळीकडे तांबूस रेघ आलीये आणि दर वेळी उघडलं की तिचा चुरा पेस्टमध्ये पडतो. आता तोच चुरा कापडावर घेऊन हँडलवर घासायचा का मी? चिमट्याने कण वेचत बसावं लागतं.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, डबी कोरड्या जागी ठेवा. अहो, कपाटातच आहे ती, नळाखाली नाही ठेवलेली. परत लिहिलं तर म्हणे डबी उघडलेली आहे, बदलून मिळणार नाही. न उघडता झाकण आतून गंजलंय हे कळणार कसं, ते मात्र कोणी सांगेना.

कोणी म्हणेल झाकणाचं एवढं काय. तर असल्या पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते आणि ती रॉकेलसारख्या द्रवात कालवलेली असते. झाकण हवाबंद नसेल तर तो द्रव उडून जातो, कपाट उघडलं की वास येतो तो तोच, म्हणजे आपले पैसे हवेत चाललेत. मग वरती पापडी धरते, पेस्ट खरखरीत होते आणि अशी पेस्ट क्रोमशेजारच्या पेंटला लागली की बारीक रेघोट्या पडतात. मी शेवटी सगळी पेस्ट घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काढली, सुकलेल्या भागात थोडं रॉकेल घालून ढवळलं. मऊ झाली, पण नव्यासारखी नाही. साधारण एक तृतीयांश पेस्ट वापरायच्या आधीच वाया गेली असेल, आणि हे मला अजूनही खुपतंय.

आता कामाचं. पाण्याचे पांढरे डाग, ब्रेकची काळी धूळ, चिकटलेला डांबराचा थर, सगळं छान निघतं. बोटभर पेस्ट मऊ कापडावर घ्यायची, छोट्या भागावर गोल फिरवायची, पूर्ण वाळायच्या आत पुसायची. क्रॅश गार्ड आणि आरसे खरंच नव्यासारखे दिसायला लागले. हलक्या गंजाला तर पेस्ट लावायचीही गरज नाही, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. क्रोम फॉइलपेक्षा खूप कडक असतं, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघून येतो. आधी चिखल-वाळू धुवून काढा मात्र, नाहीतर ओरखडे वाळूचे पडतील आणि नाव फॉइलचं होईल. पेस्ट फक्त शेवटच्या चमकेसाठी ठेवा, डबी दुप्पट पुरेल.

सुरुवातीला मी हिला पाच स्टार देणार होतो. मग पावसात गाडी भिजत राहिली आणि क्रॅश गार्डवर तांबूस ठिपके परत आले, तेही अगदी पूर्वीच्याच जागी, तेव्हा एक स्टारवर आणली होती. पण नंतर क्रोमबद्दल नीट वाचलं आणि मत बदललं. गाडीवरचा क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ असतो, खाली निकेलचा त्याच्या कितीतरी पट जाड थर आणि त्याखाली लोखंड. गंज क्रोमला चढत नाहीच. वरच्या थरांत बारीक छिद्रं-भेगा असतात, तिथून पाणी आत जातं, लोखंड गंजतं आणि तो गंज छिद्रातून वर येतो. आजूबाजूला निकेल असल्याने उघडं पडलेलं लोखंड उलट जास्तच झपाट्याने गंजतं. पेस्ट वर आलेला गंज पुसते, छिद्र कुठे बुजवणार?

आणि गंमत बघा, झाकणाचा आजार पण हाच. लोखंडी पत्र्यावर कथलाचा पातळ मुलामा असतो, काठावर घासून तो गेला की खालचं लोखंड गंजायला लागतं. म्हणजे जी कंपनी असे पातळ थर जपायचं सामान विकते तिलाच स्वतःच्या डबीवरचा थर जपता येईना. प्लॅस्टिकचं झाकण लावलं असतं तर हा विषयच संपला असता.

डबीवर लिहिलंय ते 'दीर्घकाळ संरक्षण' शाम्पूने गाडी धुतली की संपतं. त्यापेक्षा पॉलिशनंतर साधं कार वॅक्स लावा, पाणी छिद्रांपर्यंत लवकर पोचत नाही. मी तसं करायला लागल्यापासून ठिपके येतात पण बऱ्याच उशिरा आणि कमी. दर आठवड्याला पॉलिश करत बसू नका, ही पेस्ट घासणारी आहे आणि क्रोमचा थर आधीच नावापुरता. एखाद्या जागी चकाकी किंचित पिवळट दिसायला लागली तर समजा खालचं निकेल वर आलंय, तिथे पुन्हा प्लेटिंग करण्याशिवाय इलाज नाही. आम्ल असलेला व्हील क्लीनर तर क्रोमच्या जवळपासही नेऊ नका.

सायलेन्सरचा निळा-पिवळा रंग या पेस्टने निघतो, थंड झाल्यावरच घासा. पण तो उष्णतेमुळे आलेला असतो, लांबच्या राइडनंतर परत हजर. त्यासाठी स्टार कापत नाही.

अजून एक, कारच्या ग्रिलवर आणि बॅजवर ही वापरू नका. तिथे बहुतेक वेळा प्लॅस्टिकवर चकाकीचा थर असतो, कधी त्यावर लॅकरही असतं आणि पेस्टने ते धुरकट होतं. शाम्पूचं पाणी आणि मऊ कापड, बास.