गुंड्याच्या 'फूड रिफ्युजल' ट्रेनिंगमध्ये आम्ही ३२ हजाराला कसे फसलो

हे लिहायला मला तीन महिने लागले. लिहायला बसलं की आमच्या कुत्र्याच्या, गुंड्याच्या, मानेवरचे ते दोन डाग डोळ्यासमोर यायचे आणि फोन बाजूला ठेवून द्यायचे. पण मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीतल्या एका ताईंनी विचारलं, "ते कुत्र्याचं ट्रेनिंग कुठं लावलं होतं ओ तुम्ही, नंबर द्या की" (म्हणजे 'फूड रिफ्युजल', अनोळखी माणसाचं खायचं नाही हे शिकवायचं), तेव्हा ठरवलं की आता सगळं सांगायचं. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण फसवायची पद्धत तीच असते म्हणून पद्धत सांगते.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो, रो हाऊस आहे, पुढं छोटं अंगण आणि लोखंडी गेट. गुंड्या लॅब्राडॉर, आता चार वर्षाचा. नाव शेजारच्या अक्कांनी ठेवलं, लहानपणी अगदी गोल होता म्हणून. आणि लॅब म्हणजे खाण्यावर जीव, कोणीही काही दिलं की शेपूट हलवत खाणार. गड्ड्याची जत्रा (सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) संपली त्याच्या नंतरच्या आठवड्यात आमच्या मागच्या लाईनमध्ये एका घरची दोन कुत्री एका रात्रीत मेली. सकाळी कंपाऊंडच्या आत चिकनचे तुकडे सापडले. कोणी टाकलं, चोरीसाठी टाकलं की भुंकतात म्हणून टाकलं, काही कळलं नाही. त्या घरची मुलगी रस्त्यावर बसून रडत होती ते मी बघितलंय. त्या दिवसापासून मला झोप नाही, रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन अंगण बघायचे.

अशा वेळी माणूस काहीही विश्वास ठेवतो. मुलानं इन्स्टावर एक रील दाखवलं, सोलापुरातलाच ट्रेनर, त्याचा जर्मन शेफर्ड बसलाय आणि सात आठ लोक एकेक करून मटण, पेढा, अंडं पुढं करतात आणि ते कुत्रं तोंड फिरवतं. खाली लिहिलेलं, अनोळखी माणसाच्या हातचं खाणार नाही, शंभर टक्के गॅरंटी. आम्ही फोन केला. दुसऱ्या दिवशी सर घरी हजर, काळा टी-शर्ट, फार आत्मविश्वासानं बोलणारा माणूस. गुंड्याकडं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, याला उद्या कोणी विष दिलं तर हा 'थँक्यू' म्हणून खाईल." त्या एका वाक्यावर मी हो म्हणाले. ४५ दिवस त्याच्या फार्महाऊसवर ठेवायचं, ३२,००० रुपये, २० आधी, १२ नंतर. मिस्टर म्हणत होते जरा थांबू, दोन ठिकाणी विचारू. मीच घाई केली.

पहिली गोष्ट तिथंच खटकायला पाहिजे होती. यूपीआय करताना नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला वहिनीचं अकाउंट आहे. पावती मागितली तर "शेवटी एकदमच देतो सर्टिफिकेटबरोबर". आणि भेटायला यायचं नाही म्हणाला, मालक दिसला की कुत्र्याचं लक्ष उडतं. मला ते पटलं पण. आता कळतंय की ट्रेनिंगच मालकाबरोबर करायचं असतं, कुत्रं राहणार मालकाकडं, अंगणात उभी राहणार मी, मग मलाच शिकवल्याशिवाय काय उपयोग?

मार्चच्या शेवटी नेला आणि मेच्या मध्यात आणला. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते सांगायला नको, ४३ डिग्री. दर रविवारी व्हिडिओ यायचा, गुंड्या बसलाय, कोणीतरी बिस्कीट पुढं करतंय आणि गुंड्या मागं सरकतोय. आम्ही सगळे बघून टाळ्या वाजवायचो, आई (माझ्या सासूबाई) तेवढ्या म्हणायच्या, "त्याची शेपूट बघ गं, पायात घेतलीय." मी म्हणायचे नवीन जागा आहे, होईल सवय. त्यांनी ७० वर्षं जनावरं बघितलीत, त्यांचं ऐकायला पाहिजे होतं.

गुंड्या आला तेव्हा बारीक झालेला. सर म्हणाला उन्हाळ्यात होतंच. गळ्यात जाड काळा पट्टा आणि त्याला एक डबी. म्हणे जीपीएस आहे, आमची वस्तू आहे, डेमो झाला की काढून नेतो. दुपारी बाराच्या उन्हात गेटसमोर डेमो. त्यानंच आणलेले चिकनचे तुकडे, शेजारच्या दोघांच्या हातात दिले, गुंड्यानं वास घेतला आणि भिंतीला चिकटला. सर स्वतः बाजूला उभा, एक हात सारखा खिशात. आम्ही १२,००० कॅश दिले. पट्टा काढून तो गेला. पट्ट्याखाली केस गेलेले आणि दोन गोल जखमा, बरोबर दोन, एकमेकांपासून दोन बोटं अंतरावर. फोनवर विचारलं तर म्हणाला घामाची ॲलर्जी.

त्या रात्री आईंनी भाकरी दूध कुस्करून ताटली पुढं केली. गुंड्या त्यांच्याकडं बघत मागं मागं गेला आणि दिवाणाखाली शिरला. ज्यांच्या हातचं रोज खाल्लं त्यांच्या हातचं नाही. माझ्याही हातचं नाही. ताटली ठेवून सगळे घरात गेलो की मग हळूच येऊन खायचा. मायक्रोवेव्हचा 'बीप' वाजला की थरथर कापायचा, एकदा तर जागेवरच लघवी झाली त्याला. आम्हाला काही कळेना. आणि दहाव्या दिवशी भाचा आला सुट्टीला, ११ वर्षाचा, लहानपणापासून गुंड्याशी खेळणारा, त्यानं पार्ले-जी पुढं केलं आणि गुंड्यानं हातावर झडप घातली. दात लागला, रक्त आलं. गुंड्याला लसी सगळ्या दिल्या होत्या तरी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून सिव्हिलला नेऊन इंजेक्शनं सुरू केली. चार वर्षात जो कधी गुरगुरला नाही तो आमच्या लेकराला चावला. त्या रात्री मिस्टर आणि मी दोघं काही बोललोच नाही.

आणि याच्याहून वाईट पुढंच. त्याच आठवड्यात सकाळी बघते तर गुंड्या अंगणात काहीतरी चघळतोय. कोणीतरी भजी खाऊन उरलेली कागदासकट आत टाकलेली. हातातलं घेत नाही पण जमिनीवर पडलेलं सगळं खातो! म्हणजे ज्या गोष्टीसाठी ३२ हजार घातले तीच शिकवलेली नाही. विष टाकणारा माणूस काय गेटवर उभं राहून हातानं भरवणार आहे का, तो रात्री कंपाऊंडवरनं फेकून जातो. हा प्रश्न मी त्याला पहिल्या दिवशी विचारला असता तर सगळं वाचलं असतं.

मग मुलानं ते व्हिडिओ परत लावले आणि थांबवून थांबवून बघितले. सहाही व्हिडिओत मागच्या दोरीवर तोच पिवळा टॉवेल, तसाच एक कोपरा दुमडलेला, आणि भिंतीवर पत्र्याची सावली जवळजवळ त्याच जागी. सहा आठवड्याचे म्हणून पाठवलेले व्हिडिओ एका दिवसात काढलेले होते. आणि एकात नीट ऐकलं तर बिस्कीट पुढं यायच्या आधी बारीक 'बीप' ऐकू येतो आणि मग गुंड्याची मान झटक्यानं एका बाजूला जाते.

होटगी रोडच्या आमच्या डॉक्टरांनी जखमा बघूनच सांगितलं, शॉक कॉलर. त्यात दोन टोकं असतात ती कातडीला घट्ट लागतात, हातात रिमोट, आधी बीप आणि मग करंट. डॉक्टर म्हणाले कुत्र्याला "हे खायचं नाही" असं कळत नाही, त्याला एवढंच कळतं की माणसानं हात पुढं केला की मानेत कळ येते. म्हणून त्याला माणसाच्या हाताची भीती बसली, आणि भ्यायलेलं कुत्रं चावतं. करंट देताना पट्टा असतो हे पण त्याला कळतं, पट्टा निघाला की जमिनीवरचं मोकळं. वेल्समध्ये २०१० पासून असल्या कॉलरवर बंदी आहे. आपल्याकडं ऑनलाईन कोणीही मागवतो. डॉक्टरांनी अजून एक सांगितलं ते ऐकून मला फार वाईट वाटलं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये, साधारण चारातल्या एकात, एक जनुकच तुटलेलं असतं त्यामुळं भूक जास्त लागते. म्हणजे आपण ज्याला हावरट म्हणतो त्याच्या पोटातच ती भूक असू शकते, आणि आम्ही त्याला त्या भुकेसाठी करंट खायला पाठवलं.

आता खरं ट्रेनिंग कसं असतं ते सांगते, कारण हे माहीत असेल तर कोणी फसवू शकणार नाही. पोलिसांच्या श्वान पथकातनं रिटायर झालेले एक काका डॉक्टरांच्या ओळखीनं मिळाले. त्यांनी पहिल्या दिवशी कुत्र्याला नाही, मला शिकवलं. मुठीत बिस्कीट धरायचं, गुंड्या चाटेल, पंजा मारेल, काही बोलायचं नाही, ज्या क्षणाला तो तोंड बाजूला घेईल त्या क्षणाला "शाब्बास" आणि दुसऱ्या हातातनं त्याहून चांगलं काहीतरी, उकडलेल्या चिकनचा तुकडा. मुठीतलं बिस्कीट त्याला कधीच मिळत नाही. म्हणजे सोडलं की जास्त चांगलं मिळतं हे त्याला कळलं पाहिजे. मग उघडा तळहात, मग जमिनीवर ठेवून बुटाखाली झाकायचं, मग उघडं ठेवायचं पण दोरी हातात, म्हणजे चुकून सुद्धा त्याला ते उचलता येत नाही. काका म्हणाले दहा वेळा सोडलं आणि अकराव्या वेळी खायला मिळालं तर तो अकराव्याचीच वाट बघत बसतो. मग शब्द, आम्ही "सोड" ठेवला. त्यानंतर घरचे, मग शेजारी, मग अगदी अनोळखी. जागा बदलली की परत पहिल्यापासून, कारण स्वयंपाकघरात शिकलेलं अंगणात लागू पडतं असं कुत्र्याला वाटतच नाही. आणि पदार्थ पण बदलायचे, बिस्कीट सोडणारा भजी सोडेलच असं नाही. यात मारणं नाही, ओरडणं पण नाही. वेळ मात्र भरपूर लागतो. रोज पाच पाच मिनिटं तीनदा, आम्हाला तिसरा महिना चालू आहे.

काकांना मी विचारलं गॅरंटी किती? ते म्हणाले, "काही नाही. भुकेल्या कुत्र्याची गॅरंटी देणारा माणूस खोटं बोलतोय. गेटला खालनं जाळी मारा, रात्री आत घ्या, आणि सकाळी सोडायच्या आधी अंगण तुम्ही फिरा." जाळी मारायला किती आले माहितीय? अकराशे रुपये. फिरायला नेताना टोपलीसारखं जाळीचं मझल घालतो, त्यात तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, जमिनीवरचं उचलायला अवघड जातं. त्याची सवय पण खाऊ देऊनच करायची, एकदम घालायचं नाही.

आणि हे तर प्रत्येकानं लक्षात ठेवा, विषाचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, दूध तूप काही नको, सरळ डॉक्टरकडं न्या आणि पुडी, डबा, उलटी, जे सापडेल ते बरोबर न्या. उंदराच्या औषधात पण प्रकार असतात. रक्त पातळ करणारं असेल तर दोन तीन दिवस कुत्रं अगदी ठीक दिसतं आणि मग आतनं रक्त जायला लागतं, त्याला व्हिटॅमिन के-वन हे औषध आहे पण वेळेत कळलं तर. शेतातल्या कीटकनाशकानं तोंडातनं लाळ, थरथर, काही वेळातच झटके, तिथं एक मिनिट घालवायचा नाही. आणि कोणी मुद्दाम विष घातलं तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षापर्यंत शिक्षा आहे. पोलिसात जा आणि पोस्टमॉर्टेम करायला सांगा, मागच्या लाईनवाल्यांनी घाईत दोघांना पुरून टाकलं आणि मग हातात काहीच राहिलं नाही.

ट्रेनर ठेवणारच असाल तर तो काम करताना समोर बसू द्या म्हणा. गळ्यात काय घालणार ते हातात घेऊन बघा. कुत्रं चुकलं तर काय करता असं विचारा आणि उत्तर नीट ऐका, आमच्यावाल्यानं "ते आमच्यावर सोडा" म्हणून विषय बदलला होता. डेमोला खाऊ तुमच्या घरचा, वेळ तुमची, आदल्या वेळचं जेवण न दिलेलं कुत्रं, पट्टा काढलेला आणि ट्रेनर नजरेआड. जमिनीवर टाकून बघा. यूपीआयवर नाव वेगळं दिसलं तर तिथंच थांबा.

आमचं म्हणाल तर आधी ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली, पाच लाखापर्यंतच्या रकमेला फी नाही. बारा हजार कॅशची पावती नाही त्यामुळं ते सिद्ध करायला अवघड आहे, वीस हजाराचा यूपीआय पुरावा आहे. मानेचे फोटो, डॉक्टरांचा कागद आणि ते सहा व्हिडिओ लावलेत. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली पोलिसात वेगळा अर्ज दिलाय. तो माणूस फोन उचलत नाही आणि रील अजून चालू आहे, तोच जर्मन शेफर्ड. मी ते बघते तेव्हा आता चिकनकडं बघत नाही, त्याच्या गळ्यातल्या रुमालाखाली काय आहे तिकडं बघते.

मायक्रोवेव्ह आम्ही काढून माळ्यावर ठेवला. परवा संध्याकाळी आई पायरीवर भाकरीचा तुकडा हातात धरून नुसत्या बसल्या होत्या, बोलावलं पण नाही त्यांनी. अर्ध्या तासानं गुंड्या आला, हाताचा वास घेतला, थांबला, परत वास घेतला आणि तुकडा घेतला. आई तशाच बसून राहिल्या, हात पण मागं घेतला नाही.